रुंद नोटेशन आणि घडीचा स्टँड : गैरसमज व वस्तुस्थिती

स्टाफ नोटेशन वाचून वाजवणाऱ्या वादकाचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात. पान उलटायला पुरेसा विराम नसेल, तर स्वर सुटतात. म्हणून तीन-चार पाने चिकटपट्टीने जोडून एका रांगेत मांडायची, हा जुना आणि सोयीचा उपाय. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे दोन पाने ४२, तीन ६३ आणि चार ८४ सेंटिमीटर. ऑर्केस्ट्रात वापरले जाणारे १० × १३ इंची छापील भाग उघडले की जवळजवळ ५१ सेंटिमीटर जागा घेतात. स्टँड घेताना हा हिशेब सगळ्यात आधी व्हायला हवा.

‘बाजूला ओढता येणाऱ्या काड्या असल्या की स्टँड रुंद पानांना चालतो’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. तारेच्या किंवा पट्ट्यांच्या घडीच्या स्टँडला वरच्या अंगाला अशा काड्या असतात. पण त्यांचे काम पुस्तकाचे पुठ्ठे मागे कलंडू न देणे एवढेच. कागदाचे वजन पेलते ती खालची पट्टी, आणि काड्या कितीही ओढल्या तरी ती लांब होत नाही. ही पट्टी ४६ सेंटिमीटरची असेल आणि वर तीन ए-फोर पाने लावली, तर दोन्ही बाजूंना साडेआठ-साडेआठ सेंटिमीटर कागद अधांतरी राहतो. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद तेवढा ताठ राहत नाही. त्याचा खालचा कोपरा आधी मागे वळतो, छताचा पंखा सुरू असेल तर फडफडू लागतो आणि शेवटच्या दोन-तीन मात्रा दिसेनाशा होतात. चिमट्यांनीही हे थांबत नाही, कारण चिमटा लावायला तिथे मागे काहीच नसते.

यावरचा उत्तम उपाय स्वस्त आहे. पाच मिलिमीटर जाडीचा, सुमारे ६५ × ३२ सेंटिमीटरचा फोमबोर्ड स्टँडवर उभा ठेवावा आणि पाने त्यावर लावावीत. तो वजनाला हलका असतो. पिशवीत मावण्यासाठी मधोमध कापून कापडी चिकटपट्टीने जोडता येतो. मात्र चिकटपट्टी पाने लावायच्या बाजूनेच हवी. तशी लावली की बोर्ड पुढच्या बाजूला मिटतो. मागे झुकू पाहिला तर कापलेल्या कडा एकमेकींना टेकून त्याला अडवतात. उलट बाजूने लावली तर दोन्ही पंख मागे पडतात. एवढी काळजी घेतली आणि खालची पट्टी बोर्ड व कागद दोन्ही मावतील इतकी खोल आहे हे पाहिले, तर तीन पानांसाठी महागडा रुंद स्टँड घ्यायची गरज उरत नाही.

‘जड स्टँड पडत नाही’ हेही अर्धसत्यच. स्टँड उभा राहतो तो त्याचा गुरुत्वमध्य पायांच्या टोकांनी बनणाऱ्या त्रिकोणाच्या आत असतो तोवर. वरचा भाग जड असेल, तर ते वजन उलट घातक ठरते. तीन पाय सारख्या अंतरावर पसरलेले असले, तर पायाच्या दिशेने मिळणारा आधार पूर्ण असतो. दोन पायांच्या बरोबर मध्ये तो निम्म्यावर येतो. पाने आणि खालची पट्टी नळीच्या पुढे, वादकाच्या बाजूला येतात, म्हणून जड पुस्तक ठेवताना एक पाय वादकाकडे वळवलेला बरा. पाय पूर्ण पसरावेत आणि नळी गरजेपेक्षा वर ओढू नये. पाय अर्धवट उघडून नळी पूर्ण वर काढलेला स्टँड रुंद पानांखाली हमखास कलंडतो.

अखंड पत्र्याचा स्टँड नेहमीच सरस, असेही नाही. अमेरिकेतील मॅनहॅसेट कंपनीच्या प्रसिद्ध सिम्फनी स्टँडची पाटी २० इंच रुंद असते. १० × १३ इंची दोन पाने त्यावर नेमकी बसतात, तीन ए-फोर बसत नाहीत. शिवाय अखंड पाटी उघड्यावर वारा अडवते. तिची खरी जागा सभागृहात. मुंबईत २००६ साली सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या वाद्यवृंदात तंतुवादक दोघांत एक स्टँड वापरतात आणि आतल्या बाजूचा वादक पान उलटतो. त्यामुळे त्यांना लांब रांग मांडावी लागत नाही. ती लागते एकलवादकाला, लहान संचात वाजवणाऱ्याला आणि स्वतःच पान उलटावे लागणाऱ्या प्रत्येकाला.

पाने लहान करून घेण्याची पळवाटही महागात पडते. ए-थ्रीची ए-फोर प्रत काढली की लांबी-रुंदी सुमारे ७१ टक्क्यांवर येते. ७ मिलिमीटर उंचीचा स्टाफ ५ मिलिमीटरचा होतो. स्टँडवरचे पान हातातल्या पुस्तकापेक्षा बरेच लांब असते, म्हणून हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. टॅबलेटचेही असेच. १२.९ इंची आयपॅडचा पडदा सुमारे २६ × २० सेंटिमीटरचा, म्हणजे उभ्या एका पानापुरता. आडवा धरून दोन पाने दाखवली की प्रत्येकाला जेमतेम १३ सेंटिमीटर रुंदी मिळते. पायाने दाबायचे पेडल जोडून एकेक पान उलटणे हाच त्याचा योग्य वापर.

स्टँड घ्यायला जाताना आपली सर्वांत रुंद पाने जोडलेल्या अवस्थेत सोबत न्यावीत, दुकानातच ती लावून खालच्या पट्टीची लांबी मोजावी, कडेच्या पानाला बोटाने हलकेच ढकलून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.