लाकडी डेकची निगा

सन १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ नावाचे एक लढाऊ जहाज पाण्यात उतरले. जमशेटजी बमनजी वाडिया या कुशल पारशी जहाजबांधणीकाराच्या देखरेखीखाली ते मलबारी सागवानाचे बांधण्यात आले होते. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ते आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. सागाच्या अंगी तेल असते. त्यामुळे ते सहसा कुजत नाही. परंतु केवळ लाकडाच्या गुणावर जहाज टिकत नसते.

जहाजाचा वरचा उघडा मजला म्हणजे डेक. त्याच्या फळ्या भिजल्या की फुगतात आणि वाळल्या की आकसतात. म्हणून दोन फळ्यांमधील फटीत जुन्या दोरांचे पिंजलेले तंतू ठासून भरतात व वर तापलेले डांबर ओततात. कडक उन्हात फळ्या आकसल्या की डांबराची कड सुटते आणि तेथून पाणी आत झिरपू लागते. खलाशाच्या अंथरुणावर दोन थेंब पडले, तर त्याचे एवढे काही नाही! पण खालच्या तुळईत मुरलेले पाणी कोणास दिसत नाही. तेथे बुरशी वाढते, आणि वरून धडधाकट दिसणारी तुळई आतून भुसभुशीत होते.

यासाठी खलाशी रोज पहाटे डेक धूत असत. तेही समुद्राच्या खाऱ्या पाण्याने. मिठाने लोखंड गंजते, मग लाकडाला ते कसे मानवते? याचे कारण असे की, लाकूड कुजविणारी बुरशी गोड्या पाण्यात जोमाने वाढते, खाऱ्या पाण्यात तिचा जोर चालत नाही. शिवाय धुण्यामुळे फळ्या ओलसर राहत व सांधे घट्ट बसत.

डेकवर वाळू पसरून खलाशी गुडघे टेकून मऊ वालुकाश्माने फळ्या घाशीत. प्रार्थनेस बसल्यासारखे ते दिसत, म्हणून त्या दगडास ‘पवित्र दगड’ हे नाव पडले, असे सांगतात. लाकूड शुभ्र दिसावे, या हौसेपायी मात्र पुष्कळदा अति घासले जाई आणि फळ्या झिजून पातळ होत.

बंदरात कायम उभ्या असलेल्या जुन्या जहाजांची अडचण निराळीच आहे. त्यांच्यावर लाटांचे पाणी उडत नाही, पाऊस मात्र पडत राहतो. म्हणून त्यांचे सांधे वरचेवर तपासावे लागतात. डांबर सुटलेले दिसताच ते खरवडून काढावयाचे, फट कोरडी होऊ द्यावयाची, नवे तंतू ठासावयाचे आणि मगच पुन्हा डांबर ओतावयाचे. ओल्या फटीवर डांबर ओतले, तर ते धरत नाही.