पोटरी उडते, दंड फडफडतो, आणि मन घाबरतं

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, सगळ्या गेल्या आणि एक ताई मागे थांबली. मला वाटलं, हप्त्याचं काहीतरी असेल. तर तिनं पदर बाजूला करून दंड पुढे केला. म्हणाली, "ताई, बघा ना, इथलं मांस आपोआप उडतंय. तीन आठवडे झाले. पोराच्या मोबाईलवर बघितलं तर त्यात लिहिलंय की यात माणूस हळूहळू लुळा पडतो. घरात कुणाला बोलले नाही."

मी तिला खाली बसवलं आणि तिला माझीच गोष्ट सांगितली. आज तुम्हालाही तीच सांगते.

चार वर्षांपूर्वी मार्च महिना होता. सगळ्या गटांची दफ्तरं पूर्ण करायची होती, घरी लेक तापानं फणफणलेली, रात्रीची झोप नाही. एका रात्री अंथरुणावर पडले आणि डावी पोटरी फडफडायला लागली. दुखत नव्हतं. कातडीखाली जणू किडा वळवळतोय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मांडी, मग पापणी, मग अंगठ्याजवळचं मांस. मी बी.ए. झालेली बाई, मला वाटलं वाचून कळेल. मोबाईलवर शोधलं आणि समोर नाव आलं मोटर न्यूरॉन डिसीज. स्टीफन हॉकिंग नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञांना 1963 साली, ऐन एकविशीत हा आजार असल्याचं कळलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढलं, हेही वाचलं. त्या रात्री झोप लागलीच नाही.

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी न्हाणीघरात दार लावून टाचांवर चालून बघायची, मग चवड्यांवर. शिवणाच्या टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजायची. अर्धा इंच फरक आला की हातपाय गार. लेक तिसरीत होती. तिला मी कुकर लावायला शिकवला, कारण मी अंथरुणाला खिळले तर हिला निदान भात तरी टाकता यावा. नवऱ्याला वाटलं, मी पोरीला वळण लावतेय.

शेवटी तालुक्याला डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पोटरीकडे नुसतं एकदा पाहिलं. मग गुडघ्यावर छोट्या हातोडीनं ठोकलं, माझे हात पाय ढकलायला लावले, जीभ बाहेर काढायला सांगितली, बोटांची पकड बघितली. नंतर विचारलं, झोप किती? चहा किती? मी मोजलं. घरोघरी गटाच्या कामाला फिरायचं म्हणजे आठ-नऊ कप सहज होतात, नाही म्हटलं तर त्या घरच्या बाईला वाईट वाटतं. त्यांनी थायरॉईड आणि कॅल्शियमची रक्ततपासणी करायला लावली. दोन्ही ठीक निघालं.

त्यांनी समजावलं ते असं. आपला स्नायू म्हणजे बारीक धाग्यांच्या जुड्या. एकेका जुडीला मणक्यातून आलेली एकेक नस हुकूम देते. कधीकधी नस हुकूम नसतानाच एक झटका सोडते, आणि तेवढीच जुडी उडते. हात हलत नाही, फक्त कातडीखाली लाट दिसते. माशी बसली की गाय कातडी थरथरवते, दिसायला थोडं तसंच. थकवा, जागरण, काळजी, चहा-कॉफी, खूप कष्ट, ताप किंवा जुलाब-उलट्या होऊन अंगातले क्षार कमी होणं, यानं नसा जरा चिडक्या होतात. निरोगी माणसालाही हे कधी ना कधी होतंच. पापणी लवते तेही बहुतेक वेळा हेच. बाईचा डावा डोळा लवला तर शुभ आणि उजवा लवला तर अशुभ, असं आपल्याकडे म्हणतात. माझे तेव्हा दोन्ही लवत होते, त्याचा अर्थ कुणीच सांगितला नाही!

आणि भीतीचं काय? भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीत येतं, छाती धडधडते, नसा आणखी तापतात, आणि फडफड वाढते. त्यात आपण दिवसभर तिथंच लक्ष ठेवतो, म्हणजे एरवी कळलीही नसती ती फडफडही मोजली जाते. हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नाही. डॉक्टरी शिकणारी मुलंसुद्धा याच भीतीनं घाबरतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1993 साली छापलेला एक अभ्यास आहे. ताकद चांगली पण फडफड असलेल्या 121 लोकांची त्यांनी पुढे चौकशी ठेवली, कुणाची दोन वर्षं तर कुणाची 32 वर्षं. त्यातल्या एकालाही तो मोठा आजार झाला नाही. तो आजार मुळात दुर्मीळ, वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो, आणि तोही बहुतेक करून पन्नाशीच्या पुढे.

पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही. बघायची असते ती ताकद. पायातली चप्पल नकळत निसटते, चालताना पाऊल घासतं, ब्लाऊजचं हूक लावता येत नाही, रोजचा हंडा उचलवत नाही, हाताचं किंवा पायाचं मांस एका बाजूला आटत चाललंय, बोलणं जड झालंय, पाणी पिताना ठसका लागतो. यातलं काही दिसलं तर फडफड असो वा नसो, डॉक्टरांकडे जायचंच, आणि बाहेरचं काही झालंय म्हणून अंगारे-धुपारे करत बसायचं नाही. तोंडाची एकच बाजू सारखी ओढली जात असेल तर तेही दाखवा. वजन उतरतंय, छाती धडधडते, घाम फार येतो, तर थायरॉईड तपासून घ्या.

आता एक गोष्ट जी मोबाईलवर शोधताना मला कुठेच पटकन दिसली नाही, आणि आपल्या गावात तीच जास्त महत्त्वाची. कपाशीवर, भाजीवर जी औषधं फवारतात, त्यातली मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही अंगात गेली तरी मांस उडतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते तुम्हाला आठवत असेल. फवारा पुरुष मारतो, पण पाणी आणणारी, औषध कालवणारी आणि ते कपडे धुणारी आपणच. फवारणीनंतर मांस उडतंय आणि सोबत घाम, तोंडाला लाळ, मळमळ, जुलाब, डोळ्यांची बाहुली बारीक, छाती भरल्यासारखी, असं झालं तर वाट बघायची नाही. कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुवायचं, धुणाऱ्यानं हातमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी घालायची, 108 ला फोन करायचा आणि औषधाचा डबा किंवा चिठ्ठी सोबत न्यायची. दवाखान्यात त्यावर इंजेक्शन असतं. लिंबूपाणी, दूध, उलटी काढणं, यात वेळ जातो.

मागच्या भागानंतर एका मावशींनी विचारलं होतं की रात्री पोटरीत गोळा येतो तो हाच प्रकार का. नाही मावशी. गोळा येतो तेव्हा अख्खी पोटरी आवळते आणि जीव जातो इतकं दुखतं. पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा, सुटतो. दिवसभर उन्हात खुरपताना पाणी कमी पडतं का, तेही बघा.

माझं म्हणाल तर, डॉक्टरबाईंनी औषध दिलं नाही. चहा तीन कपांवर आणला, दुपारी चारनंतर बंद. टेप शिवणाच्या डब्यात परत गेली. मोबाईलवर शोधणं बंद करणं सगळ्यात अवघड गेलं, त्याला महिनाभर लागला. नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणून पोरीला कुकर लावायला शिकवलास होय!" फडफड पुरती गेली नाही, जागरण झालं की अजून येते. काळजी इतकी वाढली असेल की झोप आणि जेवण दोन्ही सुटलंय, तर 14416 हा टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर लिहून घ्या. फुकट आहे, मराठीत बोलतात.

दंड दाखवणारी ती ताई उपकेंद्रात जाऊन आली. पकड चांगली आहे म्हणाले. तिचं हिमोग्लोबिन मात्र आठ निघालं, त्याच्या गोळ्या आता सुरू आहेत.