खवले आहेत का, सवता?

पेसाहच्या सुट्टीत नातवाला घेऊन एलातला जाऊन आले. दिमोनाहून बस निघाल्यापासून त्याचा एकच जप, "सवता, शार्क दिसेल ना?" मी मराठीत बोलते, तो हिब्रूत उत्तर देतो. तुमच्याही घरी असंच चालत असेल.

एलातच्या दक्षिणेला अल्मोग किनाऱ्यावर 1975 साली हे मत्स्यालय सुरू झालं. आपण मुंबईकरांनी चर्नी रोडचं तारापोरवाला पाहिलेलं. तिथे मासे काचेच्या पेटीत आणि आपण बाहेर. इथे सगळंच उलटं! पुलावरून समुद्रातल्या बुरुजात शिरायचं, जिना उतरायचा (गुडघे कुरकुरले, पण उतरले), की आपण पाण्याखाली. पेटीत माणसं, आणि मासे बाहेर मोकळे.

खिडकीसमोरच पोवळ्यांची बाग. बालमित्रांनो, पोवळं म्हणजे झाड नाही आणि दगडही नाही. हजारो इवल्या प्राण्यांची ती वसाहत असते. शास्त्रज्ञ सांगतात की या आखाताच्या उत्तर टोकाची पोवळी इतर ठिकाणच्या पोवळ्यांपेक्षा जास्त उष्णता सोसतात. पोपटमासा ती चोचीने कुरतडत होता. पोटात गेलेल्या दगडाची तो वाळू करून मागून सोडतो, हे ऐकून आमचा मुलगा इतका हसला की शेजारचे लोक वळून बघायला लागले.

मग त्याने खेळ काढला: कशेर की नाही? वायिक्राच्या 11व्या अध्यायात सांगितलंय, पर आणि खवले दोन्ही हवेत. पोपटमासा, कशेर. भोकातून डोकावणारी वाम, नाही. शार्कच्या मोठ्या टाकीपाशी मी पटकन म्हणाले, "मुशी!" तो बघतच राहिला. "खवले आहेत का, सवता?" नाहीत रे बाळा, अंग खरखरीत असतं, पण ते खवल्यांत धरत नाहीत.

रेवदंड्याच्या बाजारात कोळणी मुशी, पाकट विकायला बसायच्या. आई टोपल्यांकडे बोट दाखवून नावं सांगायची आणि पुढे न्यायची, पापलेटपाशी थांबायची. दावीद राहाबीची गोष्टही तिनेच सांगितलेली. त्याने आपल्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली, त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली, आणि त्याने ओळखलं की ही आपलीच माणसं. नातवाने ती गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली. दोनदा.

परतताना त्याने वहीत हिब्रू अक्षरांत लिहून घेतलं: मुशी, पाकट, वाम, शेवंड. मग लाल पट्ट्यांचा, पिसाऱ्यासारखे विषारी काटे असलेला मासा आठवला. "त्याला मराठीत काय म्हणतात?"

आमच्या बाजारात तो कधी आलाच नव्हता. मी म्हटलं, तूच सांग.

"झाहरोन."

मी पर्समधली बिलाची चिठ्ठी काढली आणि देवनागरीत लिहून घेतलं.