दिसलं तेच लिहायचं

जानेवारीतला रविवार, सकाळचे पावणेसात. चांगदेवच्या अलीकडे, केळीच्या बागांमधून आलेला शेतरस्ता पाण्याशी संपतो तिथे दोन काळ्यापिवळ्या थांबतात. आतून मुलं उतरतच राहतात. सहावीची, सातवीची, आठवीची. कानटोप्या, मफलर; एकाच्या अंगावर वडिलांचं जर्किन, बाह्या दुमडून कशाबशा मनगटाशी आणलेल्या. एक मुलगी लालभडक स्वेटर घालून आली आहे. तिची मैत्रीण काही न बोलता पिशवीतून मेंदी रंगाची ओढणी काढते आणि तिच्या खांद्यांवरून लपेटते. भडक रंग घालायचा नाही, हे शुक्रवारीच ठरलेलं आहे.

"आवाज खाली," सर म्हणतात, तेही खालच्याच आवाजात.

पाण्यावर अजून धुकं आहे. तापी आणि पूर्णा इथे एकमेकींना मिळतात आणि पुढे हतनूरच्या धरणाला अडून दोघींचं पाणी शेतांच्या बांधांपर्यंत पसरतं. जळगाव जिल्ह्याला हतनूर आठवतं ते पावसाळ्यात, धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले या बातमीपुरतं. हिवाळ्यातलं हतनूर फार थोड्यांनी पाहिलंय. या दिवसांत मध्य आशियातून, हिमालयापलीकडून पाणपक्ष्यांचे थवे इथे उतरतात. देशातल्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत या जलाशयाचं नाव आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत अनेक देशांत होते आणि ती करतात हौशी माणसं. आज इथल्या काठावरची मोजदाद या मुलांकडे आहे.

मुलं शाळेच्या हरित सेनेतली. राष्ट्रीय हरित सेना ही केंद्राची योजना २००१-०२ पासूनची. बऱ्याच शाळांत तिचा फलक असतो आणि जूनमधल्या वृक्षारोपणाचा एक फोटो असतो. या शाळेत मात्र एक विज्ञानाचे सर आहेत. धुळ्याला नोकरीला असताना ते नकाणे तलावावर मुलांना न्यायचे. इथे आल्यावर त्यांनी तेच सुरू केलं. दर वर्षी नव्या मुलांची सुरुवात होते पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबर. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. सरांच्या पिशवीत चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आहे. पानांच्या कडा मुलांच्या बोटांनी मळलेल्या आहेत.

चार टोळ्या पडतात. टोळीत एकाकडे दुर्बीण, दुसरा मोजणार, तिसरी लिहिणार, चौथा घड्याळ पाहणार. पाचव्याचं काम फक्त आभाळाकडे बघायचं. दर वीस मिनिटांनी कामं बदलतात. दुर्बिणीचा पट्टा गळ्यात घातल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि आपल्याला दिसलेला पक्षी दुसऱ्याला दिसेपर्यंत दुर्बीण ओढून घ्यायची नाही. हे दोन्ही नियम मुलांनीच केलेत, बहुतेक भांडण झाल्यावर.

लिहिण्याचा कागद सरांनी आखलेला आहे. पक्ष्याच्या नावापुढे तीन रकाने: 'दिसलं', 'शंका', 'ऐकलं'. मी सकाळभर या रकान्यांकडेच बघत राहतो. शाळेच्या वहीत बरोबर आणि चूक एवढंच असतं. 'मला नक्की माहीत नाही' असं लिहायला जागाच नसते. इथे त्यासाठी अख्खा रकाना आहे, आणि त्यात लिहिणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत.

धुकं विरतं तसं पाणी भरलेलं दिसायला लागतं. जवळच्या गाळात शेकाट्या लांब गुलाबी पायांनी फिरतोय. बांधाशी हळदी-कुंकू बदकांची जोडी. एक नदी सुरय पाण्यावरून जाताना मान खाली घालून काहीतरी शोधतोय. त्यापलीकडे लव्हाळ्यांच्या पुढे काळा, दाट, हलता पट्टा आहे. वारकरी. काळेभोर, कपाळावर पांढरं.

"पाचशे!" जर्किनवाला जाहीर करतो.

"कशावरून?" लिहिणारी मुलगी पेन उचलत नाही.

"दिसू ऱ्हायले ना!"

"मोजले का पण?"

तो गप्प. मग दुर्बीण नीट डोळ्यांना लावतो. मोजायची रीत सगळ्यांना पाठ आहे: आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, त्या दहांनी किती जागा अडवली ते नजरेत धरायचं आणि मग तेवढाच गठ्ठा थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्यायचा. शेजारची मुलगी स्वेटरच्या डाव्या खिशात चिंचोके घेऊन आली आहे. तो "हं" म्हणाला की ती एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकते. हं. चिंचोका. हं. चिंचोका. दोघांचीही मान हलत नाही.

"वर!" आभाळवाला दबक्या आवाजात ओरडतो.

लव्हाळ्यांवरून अगदी खालून, पंख जरा उचलून धरलेला एक शिकारी पक्षी येतोय. दलदली भोवत्या. वारकऱ्यांचा तो पसरलेला पट्टा एका क्षणात आक्रसतो. सगळे पक्षी एकमेकांना चिकटतात, पायांनी आणि पंखांनी पाणी उडवतात, आणि जिथे काळा रंग होता तिथे नुसता फेस दिसतो. भोवत्या वर घिरट्या घालतो. एकटा पडलेला वारकरी त्याला हवाय, आणि तो मिळत नाही. तीन-चार झेपा टाकून तो केळीच्या बागांकडे निघून जातो.

आमच्या टोळीतलं कोणीही काही क्षण श्वास घेत नाही. मग जर्किनवाल्याला आठवतं.

"माझं मोजणं गेलं."

चिंचोके परत डाव्या खिशात. पहिल्यापासून सुरुवात. या वेळी थवा पुन्हा पसरेपर्यंत तो थांबतो, घाई करत नाही. शेवटी चौतीस चिंचोके. ३४०. लगेच चिंचोकेवाली दुर्बीण मागते आणि स्वतः मोजते. तिचे येतात ३१०.

"सर, कोणाचं लिहू?"

"दोन्ही लिहा. शेजारी नाव आणि वेळ."

दोन वेगळे आकडे शेजारी शेजारी लिहिलेले मुलांना मुळीच खटकत नाहीत. खटकलं असतं ते आपल्याला, मोठ्यांना.

पुढच्या टोळीत वेगळाच वाद आहे. सातवीतला एक मुलगा चक्रवाक लिहायचे म्हणून हटून बसलाय. मागच्या रविवारी तो वडिलांबरोबर इथे आला होता, तेव्हा त्याने सहा चक्रवाक पाहिले, केशरी अंगाचे, जोडीजोडीने बसलेले. त्याच्यावर कोणाचा अविश्वास नाही.

"होते ना भो, पण आज आहेत का?"

"असतील इकडेतिकडे."

"मग दिसले की लिहू."

तो सरांकडे बघतो. सर पाण्याकडे बघतात. मुलगा पाय आपटत दुर्बिणीच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि पुढचा अर्धा तास समोरचा काठ इंच इंच शोधतो. माझं मन त्याच्या बाजूने आहे. चक्रवाक निघावेत असं मला फार वाटतं. निघत नाहीत.

साडेआठच्या सुमाराला एक होडी काठाला लागते. मासे धरणारे आजोबा जाळं आवरत उतरतात. सर त्यांना 'नाना' म्हणतात, मुलंही. नाना सांगतात की लाल डोक्याची बदकं दुपारी संगमाच्या अंगाला, खोल पाण्यात जातात. रात्री शेताकडच्या उथळात येतात. या वर्षी पाणी जास्त राहिल्यामुळे गाळ कमी उघडा पडलाय, म्हणून लांब चोचीवाले कमी आहेत. लिहिणाऱ्या चौघी त्यांच्याभोवती बसून उतरवून घेतात. सगळं तिसऱ्या रकान्यात, 'ऐकलं'. एक विचारते, "नाना, जाळ्यात पक्षी अडकतात का?" नाना जरा थांबतात. "अडकतात कधी. जिता असला त सोडतो." तेही ती लिहिते, शब्द न बदलता.

नऊ वाजता डबे उघडतात, पाण्यापासून लांब, बांधाच्या आड. थंडीतलं खानदेश म्हणजे भरीत. डबा उघडल्याबरोबर भाजल्या वांग्याचा आणि हिरव्या मिरचीचा वास येतो. कळण्याच्या पुऱ्या, मेथी, ठेचा, कोणाकडे बट्टी. सगळ्यांचं सगळ्यांत मिसळतं. चक्रवाकवाला अजून रुसलेला आहे. सर त्याच्या शेजारी बसतात आणि रानपिंगळ्याची गोष्ट काढतात.

ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी असं मला वाटतं, म्हणून इथे जरा सविस्तर. रानपिंगळा हे मध्य भारतातलं छोटं घुबड. १८७३ साली ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचे मोजकेच नमुने मिळाले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पश्चिम खानदेशात गोळा केले होते. १८८४ नंतर पक्षी कोणाला सापडेना. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याचा एक नमुना पुढे आला, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी लावलेला. लोकांनी ती चिठ्ठी खरी मानली. पुढे पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले ते जुने नमुने टाका-टाका तपासले, तेव्हा कळलं की त्याने डेव्हिडसनचाच जुना पक्षी चोरला, नव्याने भरला आणि खोटी जागा, खोटी तारीख लावून दिली. बाईंनी ती चिठ्ठी बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींवर विश्वास ठेवला आणि दोन सोबत्यांना घेऊन निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. नंतर हा पक्षी आपल्या यावल अभयारण्यातही सापडला.

"म्हणजे एकशे तेरा वर्षं?" घड्याळवाला हिशेब करतो.

"तो काही कुठे गेला नव्हता," सर म्हणतात. "तिथेच होता."

"आणि तिथल्या लोकांना दिसत नसेल का?" चिंचोकेवाली विचारते.

सर क्षणभर तिच्याकडे बघतात. "दिसत असेल. कोणी विचारलं नसेल त्यांना. किंवा लिहून ठेवलं नसेल."

चक्रवाकवाला पुरी खाता खाता थांबतो. "सर, त्याने कशाला खोटं लिहिलं? पगार वाढणार होता का?" सगळे हसतात, सरही. उत्तर कोणाकडेच नाही. पण मुलगा आता रुसलेला नाही. त्याला डेव्हिडसनची राखून ठेवलेली चिठ्ठी कशी दिसत असेल, शाईने लिहिलेली का, हे हवंय.

एवढी सकाळ उभी करायला सरांना काय काय लागलं, ते मी बाजूला विचारून घेतो. प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, मुख्याध्यापकांची परवानगी, गाडीभाड्याची वर्गणी, ज्यांना वर्गणी जमत नाही त्यांची गुपचूप सोय, आणि स्वतःचा रविवार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी वर्षात दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. २०२४ मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. पण दप्तर घरी ठेवलं की त्या मोकळ्या हातांत काय द्यायचं, हे शेवटी एखाद्या शिक्षकाच्या आवडीवर येऊन थांबतं, आणि त्याची बदली झाली की मंडळ संपतं. चित्रकला असो, बालनाट्य असो, खो-खो असो, सगळीकडे हेच. असं काम शिक्षकाच्या वेळापत्रकात तास म्हणून लागलं पाहिजे, त्याच्या भल्या स्वभावावर ते किती वर्षं काढायचं? या वयाची मुलं तर ऐन भरात असतात. प्रश्न विचारायची लाज अजून वाटायला लागलेली नसते आणि तीन तास एका जागी बसण्याइतका दम आलेला असतो.

साडेनऊला शेवटची बेरीज. सगळ्या टोळ्या चारी कागद मधे ठेवून गोल बसतात. मोठ्या लालसरीपाशी गाडं अडतं. पहिल्या टोळीच्या कागदावर ८५, तिसरीच्या ९०. दोन्ही टोळ्या खूश, कारण नारिंगी डोकं आणि लाल चोच दोघींनीही अगदी स्पष्ट पाहिली आहे.

"बेरीज किती? पावणेदोनशे."

"थांब." लाल स्वेटरवाली आपल्या कागदावर बोट ठेवते. ती तिसऱ्या टोळीतली. "आमचा थवा आठ चाळीसला उडाला. खालच्या अंगाला गेला."

"आमच्याकडे आठ पंचेचाळीसला उतरला," पहिलीचा घड्याळवाला म्हणतो, आणि म्हणता म्हणताच त्याच्या लक्षात येतं. "अरे! तोच थवा."

क्षणभर कोणालाच हे कबूल करावंसं वाटत नाही. जवळजवळ निम्मी बदकं जाणार. एक जण क्षीणपणे सुचवतो की दोन थवे असतीलही. मग आभाळवाल्यांना बोलावलं जातं. तिसरीचा म्हणतो, थवा पूर्वेकडून पश्चिमेला गेला. पहिलीचा म्हणतो, पूर्वेकडूनच आला, आणि दुसरा कुठलाही थवा उठला नाही.

सर मधे पडत नाहीत. ते दुर्बिणींच्या काचा पुसतायत.

लाल स्वेटरवाली पेन उघडते आणि आपल्याच टोळीचे ९० एका सरळ रेघेने खोडते. आकडा वाचता येईल अशी रेघ. शेजारी लिहिते: 'तोच थवा, ८.४०'. मग कागद चक्रवाकवाल्याकडे सरकवते, कारण त्याचं अक्षर चांगलं आहे आणि पक्की नोंद त्यानेच करायची आहे.

"वारकऱ्यांचे दोन्ही आकडे घे, नावांसकट. नानांचं सगळं 'ऐकलं'मध्ये. आणि चक्रवाकासमोर शून्य लिही, रिकामं नको सोडू."

"मागच्या रविवारचं कुठे लिहू?"

"मागच्या रविवारच्या तारखेने, वेगळ्या पानावर. सहा. आणि खाली तुझ्या पप्पांचीही सही आण, ते होते ना सोबत?"