दूरच्या घोड्यांवरील पैज

आंबेगांव तालुक्याचें मुख्य ठिकाण जें घोडेगांव, त्याच्या नांवांत घोडा आहे, आणि तेथील नदीचें नांवहि घोडच आहे. परंतु या बाजूच्या लोकांचें मन घोड्यापेक्षां बैलांत अधिक गुंतलेलें. जुन्नर, आंबेगांव, खेड या तालुक्यांत गांवोगांवच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे घाटांत गाडे धांवतात. तेथें घोड्याचें काम एवढेंच कीं, बैलांच्या पुढें घोडी पळवावयाची आणि तिच्या मागें बैलांनीं जीव तोडून धांवावयाचें. अशा मुलखांतील एक शेतकरी, माझा जुना विद्यार्थी, एका संध्याकाळीं घरीं आला आणि मेलबर्नच्या घोड्यांविषयीं बोलूं लागला, तेव्हां मला प्रथम हसूं आलें. त्याची हकीकत ऐकल्यावर मात्र तें हसूं राहिलें नाहीं.

त्याचें नांव-गांव सांगण्याचें कारण नाहीं. टोमॅटो विकून आलेल्या पैशांतून साठ हजार रुपये त्यानें ठिबकाच्या नळ्यांसाठीं बाजूला ठेविले होते. ते त्यानें मोबाईलवरून परदेशच्या घोड्यांच्या शर्यतींवर लाविले. आरंभीं तो जिंकला. खात्यावर लाखाच्या वरचा आंकडा दिसूं लागला. परंतु पैसे परत मागतांच पलीकडून एक कागद मागण्यांत आला, तो दिल्यावर दुसरा, आणि दुसरा दिल्यावर खातेंच बंद झालें. आतां सोसायटीचें कर्ज काढून दुसऱ्या ठिकाणीं खेळावें आणि गेलेलें भरून काढावें, असा त्याचा विचार होता.

तो म्हणाला, “गुरुजी, पुण्याच्या रेसवर सरकार शेंकडा चाळीस कर घेतें. घाटांतल्या गाड्यावर पैज लावणें हा तर गुन्हाच. परदेशच्या घोड्यावर कर नाहीं, पोलीस नाहींत, आणि शर्यती वर्षाचे बाराहि महिने. एक ठिकाण लबाड निघालें, म्हणून सगळींच लबाड कशीं?”

प्रश्न रागावून झटकून टाकण्यासारखा नव्हता. शिक्षकानें रागावण्यापूर्वीं गणित करून दाखवावें, असें मी नोकरींत असतांना मानीत असें. त्याला जें सांगितलें तेंच आज आपणांस सांगतों. कारण मोबाईल जसा त्याच्या खिशांत आहे तसाच तो शहरांतील प्रत्येक घरांत आहे.

प्रथम आमच्या घाटाची रीत सांगितली पाहिजे. येथें दोन गाडे शेजारीं-शेजारीं धांवत नाहींत. एकेक गाडा एकटाच सुटतो. त्याची शर्यत घड्याळाशीं असते. या एका धांवेस बारी म्हणतात. निशाण पडलें कीं सेकंदांचा आंकडा ऐकण्यासाठीं सर्वांचे कान टवकारतात, आणि सर्वांत कमी वेळांत आलेल्या गाड्यास घाटाचा राजा म्हणून मान मिळतो. पाहणारा मनुष्य त्या बैलांस वासरूपणापासून ओळखत असतो. कोणाचा बैल गेल्या महिन्यांत लंगडत होता, कोणीं त्याचा खुराक वाढविला, हें त्याला ठाऊक असतें.

या शर्यती मध्यंतरीं बंद होत्या. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जल्लीकट्टू व बैलांच्या शर्यती यांस मनाई केली. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली. तीहि न्यायालयांत अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटी घालून मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय गाडा सुटत नाहीं, आणि अटी मोडणारास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. बंदीच्या त्या वर्षांत माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं दावणीचे बैल विकले. शर्यतीची चटक मात्र विकतां आली नाहीं. गोठा रिकामा झाला आणि मुलाच्या हातांत मोबाईल आला. घाटांत चोरून पैजा लागत नाहींत असें मी म्हणत नाहीं. परंतु हरणारा व जिंकणारा तेथें एकमेकांस तोंडानें ओळखतात, आणि जत्रा संपली म्हणजे पैजहि संपते.

दुसरी शर्यत पुण्याची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब ही संस्था पावसाळ्यांत पुण्यास लष्कर भागांत व हिंवाळ्यांत मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर घोडे पळविते. १८८७ सालच्या मुंबईच्या जुगारविषयक कायद्यांत घोड्यांच्या शर्यतींवरील पैजेस मर्यादित सवलत आहे, आणि १९१२ सालच्या कायद्यानें रेसकोर्सास परवाना लागतो. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ दैवाचा नव्हे. हा निर्णय माझ्या विद्यार्थ्यासहि पाठ होता. परंतु कौशल्य खेळांत असणें निराळें आणि तें आपल्या अंगीं असणें निराळें, ही गोष्ट निर्णय पाठ करून कळत नाहीं.

आतां गणित. पैजेच्या दोन रीती आहेत. पहिली टोटची, तिचा उगम एकोणिसाव्या शतकांत पॅरिस येथें झाला. सर्वांचे पैसे एका राशींत जमा होतात. समजा, एका शर्यतीवर एक लाख रुपये जमले आणि त्यांतून खर्चाचे व चालकाचे म्हणून वीस हजार काढून घेतले. उरले ऐंशी हजार. जिंकलेल्या घोड्यावर जर एकंदर वीस हजार लागलेले असतील, तर प्रत्येक रुपयास चार रुपये मिळतात. येथें चालक कधींच हरत नाहीं. त्याचा वांटा शर्यतीपूर्वींच निघालेला असतो.

दुसरी रीत बुकीची. तो भाव आधीं सांगतो. सारख्याच ताकदीचे चार घोडे आहेत असें धरा. न्याय्य भाव एकास तीन. म्हणजे शंभर रुपये लाविले तर मूळ शंभर धरून चारशें परत. बुकी भाव देतो दोनास पांच. म्हणजे शंभराचे साडेतीनशें. एखाद्यानें चारहि घोड्यांवर शंभर-शंभर लाविले, तर त्याचे गेले चारशें आणि कोणताहि घोडा जिंको, हातीं आले साडेतीनशें. पन्नास रुपये, म्हणजे शेंकडा साडेबारा, बुकीच्या पेटींत राहिले. हा मनुष्य जें उरेल तेंच पुन्हां लावीत गेला, तर दहा शर्यतींच्या शेवटीं त्याच्या शंभर रुपयांचे सरासरीनें सव्वीस रुपये उरतात. कोणी लबाडी न करतां हें घडतें. सर्व घोडे प्रामाणिकपणें धांवले, सर्व देणें चोख दिलें, तरी शंभराचे सव्वीस. माझ्या विद्यार्थ्यानें हा गुणाकार माझ्या पाटीवर दोनदां करून पाहिला. उत्तर बदललें नाहीं.

तो म्हणाला, “परंतु मी अभ्यास करून लावीत होतों.” येथेंच खरी मेख आहे. परदेशच्या शर्यतीवर पैसे लावणें ही आजची नवलाई नव्हे. इंग्लंडांत एप्सम येथें १७८० पासून डर्बी धांवते, आणि त्या शर्यतीवर काढलेली कलकत्त्याची डर्बी स्वीप इंग्रजी अमदानींत साऱ्या जगांत प्रसिद्ध होती. परंतु ती सोडत होती. तिकीट घेणारा आपणांस जाणता म्हणवीत नसे. आजचा खेळणारा स्वतःस जाणता समजतो. घोड्यावर वजन किती लादलें आहे, जमीन पावसानें मऊ झाली आहे कीं कडक आहे, कितव्या खणांतून घोडा सुटणार, स्वार कोण, हें सारें मोबाईलवर वाचावयास मिळतें. परंतु तेंच, आणि त्याहून पुष्कळ अधिक, त्या मैदानावरील तबेल्याच्या माणसांनीं सकाळींच पाहिलेलें असतें. त्यांचें सर्व ज्ञान भावांत उतरलेलें असतें. घोडा चांगला आहे हें आपणांस कळलें, तोंवर त्याचा भाव उतरलेला असतो. आमच्या घाटांत कोणी मेलबर्नचा मनुष्य येऊन छापील कागद वाचून बैल पारखूं लागला, तर आमचीं पोरें त्याला हसतील. तिकडे हसूं ऐकूं येत नाहीं, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट वेळेची. पुण्याचा हंगाम ठराविक, घाटाची जत्रा वर्षांतून एकदां. परदेशच्या शर्यतींस सूर्यास्त नाहीं. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारीं मेलबर्न चषकाची शर्यत होते, तेव्हां आमच्याकडे सकाळचे सुमारें साडेनऊ वाजलेले असतात. जूनमध्यें अॅस्कॉटच्या शर्यती सुरू होतात त्या आमच्या दिवेलागणीस. दुबईचे घोडे धांवतात रात्रीं, आणि अमेरिकेंतील केंटकी डर्बी मे महिन्यांतील पहिल्या शनिवारीं होते ती आमच्या रविवारच्या पहांटे. म्हणजे हरलेल्या मनुष्यास उसंत अशी मिळतच नाहीं. दहा शर्यतींचें जें गणित मीं मांडलें, तें घाटांत कैक वर्षांत पुरें व्हावयाचें. मोबाईलवर एका रात्रींत होतें. माझा विद्यार्थी विजेच्या पाळीसाठीं रात्रीं मोटर सुरू करावयास उठत असे, आणि पाणी भरेपर्यंत बांधावर बसून खेळत असे. त्याचे बहुतेक पैसे याच वेळीं गेले.

राहिला कराचा व कायद्याचा प्रश्न. पुण्याच्या रेसवरील कर खरोखरच भारी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर शेंकडा अठ्ठावीस वस्तु व सेवा कर बसला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस झाला. याशिवाय जिंकलेल्या रकमेवर शेंकडा तीस प्राप्तिकर आहे, आणि हरलेली रक्कम त्यांतून वजा होत नाहीं. परंतु परदेशांत जिंकलें म्हणजे हा प्राप्तिकर चुकतो, ही समजूत चुकीची. येथें राहणाऱ्याचें उत्पन्न जगांत कोठेंहि झालें तरी तें येथें कराला पात्र असतें.

पैसा बाहेर पाठविण्याचेंहि तसेंच. परकीय चलनासंबंधींच्या २००० सालच्या नियमांनीं सोडतीचीं तिकिटें, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक व तत्सम गोष्टींसाठीं परदेशीं रक्कम धाडण्यास मनाई केली आहे. म्हणूनच असे पैसे कोणातरी तिऱ्हाइताच्या खात्यावर भरावयास सांगतात. २०२५ सालीं संसदेनें ऑनलाईन खेळांविषयीं कायदा केला. त्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाईन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा दैवाचा, चालविणारास त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणारास तो कायदा गुन्हेगार धरीत नाहीं. त्याचा रोख चालविणाऱ्यावर आहे.

आणि सर्वांत जुनी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १८७२ सालच्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणें पैजेचा करार रद्दबातल असून, जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा चालत नाहीं. घाटांतल्या कबुलीस गांवाची लाज असते. पुण्याच्या तिकिटास परवानाधारक संस्था बांधलेली असते. मोबाईलवरील लाखाच्या आंकड्यास यांपैकीं कांहींच नसतें. तो आंकडा म्हणजे पैसा नव्हे. पैसा दिला तर मिळेल, असें एका अनोळखी मनुष्यानें लिहिलेलें वाक्य आहे.

हें ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे ते साठ हजार गेलेच?” मीं सांगितलें, “बाबा रे, ते गेले. आतां सोसायटीचे वांचव. आणि तें दुसरें खातें जिंकल्याबद्दल तुझे कागद मागेल, ते देऊं नकोस.” सायबर गुन्ह्यांची तक्रार १९३० या क्रमांकावर करतां येते, तेंहि त्याला सांगितलें, त्याच रात्रीं त्यानें ती केली. पैसे परत आले नाहींत.

कर्ज त्यानें काढलें नाहीं, हें मला त्याच्या पत्नीकडून कळलें. ठिबकाच्या नळ्या त्या वर्षीं आल्या नाहींत. टोमॅटोला पाटानेंच पाणी दिलें आणि पीक कमी आलें. बँकेचें पुस्तक आतां ती आपल्याजवळ ठेवते. या वर्षींच्या जत्रेंत तो मला घाटावर भेटला. त्याच्या चुलत्याचा गाडा होता. घोडी पुढें सुटली, मागें बैल सुटले, आणि बारी संपेपर्यंत त्याचा हात खिशाकडे गेला नाहीं. तो अजून खेळतो कीं काय, हें मीं विचारलें नाहीं. तो मात्र आपण होऊन म्हणाला, “गुरुजी, अकरा वर्षांनीं आमच्या घरचा बैल घाटांत आला.” मग सेकंदांचा आंकडा पुकारला गेला, आणि तो ऐकण्यासाठीं आम्ही दोघेहि थांबलों.