लिफ्टची तपासणी कोणी करावी?

मस्कतजवळच्या सीब विलायतीत अल हैल नावाची समुद्रकाठची वस्ती आहे. तिथे नोकरीनिमित्त राहणारे आमचे एक आप्त पत्रात लिहितात, "इमारतीची लिफ्ट दोनदा मध्येच अडकली. मालक म्हणतात, कंपनीचा माणूस तेलपाणी करून जातो. एवढे पुरे नाही का?"

नाही. देखभाल करणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. आम्हां शिक्षकांना हे समजायला वेळ लागत नाही. शिकवणी घेणाऱ्यानेच परीक्षेचे गुण दिले तर सगळीच मुले हुशार!

मुंबईत यासाठी १९३९ सालीच कायदा झाला. मालकाने लिफ्ट बसवण्याआधी परवानगी घ्यायची, चालवण्याआधी परवाना घ्यायचा, सरकारी निरीक्षकाला ती तपासू द्यायची आणि अपघात झाल्यास कळवायचे. २०१७ साली महाराष्ट्राने नवा अधिनियम केला, त्यात सरकते जिनेही आले. सरकारी मराठीत लिफ्टला 'उद्वाहन' म्हणतात. आपल्या क्रिओल 'लासान्सेर'पुढे हा शब्द जरा जडच.

दोर तुटला की लिफ्ट कोसळते, अशी लोकांची समजूत असते. पण दोर एक नसतो, अनेक असतात. शिवाय १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने फळीवर उभे राहून वरचा दोर कापवला आणि फळी जागीच अडकून राहिली. आजही वेग मर्यादेबाहेर गेला की खालचे जबडे रुळांना घट्ट पकडतात. मात्र हे जबडे रोजच्या वापरात कधीच चालत नाहीत. म्हणून ते गंजले की नाही, हे तपासणीशिवाय कळत नाही. आणखी एक गंमत: दुसऱ्या टोकाचा प्रतिभार रिकाम्या पेटीपेक्षा जड असतो, त्यामुळे ब्रेक निकामी झाला तर रिकामी लिफ्ट खाली न जाता वर धावते.

खरी भीती दाराची. पेटी मजल्यावर नसताना बाहेरचे दार उघडता कामा नये. त्याचे कुलूप बिघडले तर माणूस सरळ खड्ड्यात पडतो. भाडेकरूने मालकाला विचारावे: शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली, त्याचा कागद कुठे आहे? दार उघडण्याची किल्ली कोणाच्या हाती असते, हेही विचारावे.

आणि लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकलीच, तर धोक्याची घंटा दाबून आतच थांबावे. पेटी हवाबंद नसते, जीव गुदमरत नाही. दार ओढून खाली उडी मारणाऱ्याच्या पायांखाली मात्र पेटीखालची मोकळी जागा असते, आणि तोल गेला तर तो तिथूनच आत घसरतो.