थांबलेल्या गाडीतले बळ

शहापूरहून खर्डी, कसारा ओलांडून मालमोटार थळ घाट चढू लागली, किंवा मुरबाडहून टोकावडे मागे टाकून माळशेजला लागली, की उन्हाळ्यात तिचे पाणी तापते. चालक गाडी कडेला घेतो. क्लीनर झाकण फिरवतो आणि त्याचा चेहरा भाजून निघतो. इंजिन तर बंद होते. मग ही वाफ आली कोठून?

श्रोतेहो, पाणी १०० अंशांना उकळते, ते उघड्या भांड्यात. रेडिएटरचे झाकण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जादा दाब धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण निघताच दाब उतरतो, काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उरलेल्या पाण्याला बाहेर उसळवते. फडके धरून उघडल्याने फार तर हात वाचेल. झाकण हाताला गार लागेपर्यंत थांबावे, हेच खरे. मग माल नाशिकला कितीही उशिरा पोहोचो.

जॅकवर तोललेली गाडीही अशीच फसवते. तेलाच्या जॅकमध्ये सारा भार कोंडलेल्या तेलावर आणि एका रबरी कड्यावर असतो. कडे झिजले, किंवा बूड कडेच्या मातीत रुतले, की गाडी खाली येते. जॅक उचलण्यापुरता. चाकांपुढेमागे दगड हवेत. खाली शिरायचेच तर कठीण जमिनीवर, चौकटीखाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन. विटांची चळत नको, ती भाराखाली फुटते.

आणि खाली शिरायला सांगतात, तेही बहुधा त्या क्लीनरलाच.